वॉर्डात पक्षाचं काम: पदाचं पत्र नंतर, मतदार यादी आधी

हळदपेठ

गुलाल धुऊन झाला, फलक उतरले. सांगली-मिरज-कुपवाड महापालिकेची निवडणूक २०१८ नंतर थेट जानेवारी २०२६ मध्ये झाली आणि आता पक्षांच्या कार्यालयांत पुन्हा खुर्च्या रिकाम्या दिसायला लागल्या. नव्या माणसानं आत शिरायची हीच वेळ. तिकीटवाटपाच्या तोंडावर जो येतो त्याच्याकडं सगळे एकाच नजरेनं बघतात.

बहुतेकांची उडी पदाच्या पत्रावर असते. शहर उपाध्यक्ष, संघटक, कुठल्यातरी सेलचा कार्याध्यक्ष. पत्र मिळतं, हाराचा फोटो स्टेटसला लागतो आणि काम काय करायचं ते कुणीच सांगत नाही, कारण त्या पदाला काम नसतंच. काम असतं बूथला. पक्ष कुठलाही असो, तळ तोच, फक्त नावं वेगळी. भाजपमध्ये बूथप्रमुख, त्याच्याखाली यादीच्या एकेका पानाचा पन्नाप्रमुख, वर काही बूथ मिळून शक्तिकेंद्र, मग मंडल. शिवसेनेत, दोन्हीकडं, गटप्रमुख-शाखाप्रमुख-विभागप्रमुख ही जुनी उतरंड. काँग्रेस आणि दोन्ही राष्ट्रवादीत बूथ कमिटी, वर ब्लॉक किंवा प्रभाग अध्यक्ष. शाखाध्यक्षाला "मला एक बूथ द्या" म्हणून बघा. पद मागणारे रोज येतात, बूथ मागणारा क्वचित येतो.

बूथ म्हणजे विधानसभेच्या मतदार यादीचा एक भाग. सांगली शहर २८२ क्रमांकाच्या मतदारसंघात, मिरज २८१ मध्ये. भारत निवडणूक आयोगानं २०२५ मध्ये एका केंद्राची कमाल मर्यादा १५०० मतदारांवरून १२०० वर आणली. हजार मतदारांचा बूथ धरला तर साधारण तीनशे घरं. पाच जण असाल तर माणशी साठ. रविवारी सकाळी दहा ते एक, घाई न करता बोललं तर पंधरा घरं होतात. म्हणजे चार रविवारांत अख्खा बूथ पालथा घालता येतो. याहून जास्त वेळ लागत असेल तर माणसं कमी आहेत, किंवा प्रत्येक घरी चहा होतोय.

यादी मुख्य निवडणूक अधिकाऱ्यांच्या संकेतस्थळावर भागनिहाय मिळते. कागदाच्या एकाच बाजूला छापा, मागची बाजू टिपणांना. मूळ यादीबरोबर शेवटच्या पुरवण्या उतरवायला विसरू नका. वगळलेल्या नावांपुढं कारणाचं अक्षर असतं: ई म्हणजे मयत, एस स्थलांतरित, आर दुबार, एम बेपत्ता, क्यू अपात्र. पुरवणी न बघता फिरलात तर दोन वर्षांपूर्वी वारलेल्या आजोबांची चिठ्ठी त्यांच्याच घरी नेऊन द्याल. ते घर मग कायमचं गेलं.

यादीतला घर क्रमांक हा भरवशाचा नसतो. एकाच अपार्टमेंटचे लोक तीन पानांवर विखुरलेले असतात. म्हणून यादी गल्लीप्रमाणे, इमारतीप्रमाणे, मजल्याप्रमाणे वहीत पुन्हा लिहायची. रकाने: घर, कुटुंबातलं बोलतं माणूस, यादीतले अनुक्रमांक, मोबाईल, अठरा पुरे पण नाव नाही, मयत, बाहेरगावी (कुठं, कधी येतात). कल कुणाकडं आहे त्याचा रकाना वेगळ्या वहीत, आणि तो घराबाहेर पडल्यावर भरायचा. समोर बसून खूण करणारा कार्यकर्ता लोकांना आवडत नाही.

बाकीचं जाणकारांनी खाली आपापल्या नावानं भरावं.

खणभागकर

अण्णा, सगळं बरोबर, पण सांगलीत पहिला प्रश्न वेगळाच असतोय. "कुठल्या पक्षाचा?" असं कोण विचारतंय? "कुणाचा?" असं विचारतात. वसंतदादांपासून, राजारामबापूंपासून ही रीत. इथं माणूस आधी गटाचा, मग पक्षाचा. २०२४ ला लोकसभेला सांगलीनं अपक्ष निवडून दिला, ते चिन्हाच्या जोरावर नव्हे. बूथवरची माणसं गटाची होती, ती उठून आली.

म्हणून नव्यानं एक गोष्ट आधीच ठरवावी: वही कुणाची? नेता पक्ष बदलतो तेव्हा बूथची वही त्याच्या गाडीत बसून जाते. पक्षाच्या नावानं केलेलं काम एका रात्रीत दुसऱ्याच्या कार्यालयात. वहीच्या दोन प्रती ठेवा, एक बूथवाल्याच्या घरी. आणि मोबाईल नंबर लोकांनी तुम्हाला दिलेत, नेत्याला नाही. ते फोडून वाटू नका.

तानपुरा_मिरज

बीएलओ (बूथ लेव्हल ऑफिसर) आणि बीएलए (बूथ लेव्हल एजंट) यात नव्या लोकांचा हमखास गोंधळ होतो म्हणून सविस्तर.

बीएलओ सरकारी माणूस. शिक्षक, अंगणवाडी सेविका, पालिकेचा कर्मचारी, कुणीही असू शकतो. बीएलए पक्षाचा. नेमणूक दोन टप्प्यांत होते: पक्ष बीएलए-१ नमुन्यानं जिल्ह्यातल्या एका प्रतिनिधीला अधिकार देतो, तो प्रतिनिधी बीएलए-२ वर सही करून भागवार माणूस नेमतो. तो कागद मतदार नोंदणी अधिकाऱ्याकडं पोचला तरच तुम्ही बीएलए. शहराध्यक्षांनी लेटरहेडवर लिहून दिलेलं "बूथप्रमुख" हे पत्र निवडणूक शाखेत चालत नाही. यात दर वेळी माणसं अडकतात आणि ऐन पुनरीक्षणात (यादी सुधारायच्या मोहिमेत) हात बांधून बसतात. बीएलए शक्यतो त्याच यादीभागातला मतदार हवा. सरकारी, निमसरकारी नोकर चालत नाही.

बीएलए एका दिवसात १० पर्यंत अर्ज बीएलओकडं एकत्र देऊ शकतो. संपूर्ण कालावधीत त्याचे ३० पेक्षा जास्त अर्ज झाले की अधिकारी स्वतः फेरतपासणी करतात. सोबत यादी आणि "मी स्वतः पडताळलं आहे" असं प्रतिज्ञापन द्यावं लागतं. (बिहारच्या २०२५ च्या विशेष सखोल पुनरीक्षणात रोजची मर्यादा ५० केली होती. म्हणजे कार्यक्रम कुठला आहे ते बघून आकडा विचारून घ्या.) प्रतिज्ञापनाला हलकं समजू नका. लोकप्रतिनिधित्व कायदा १९५० चं कलम ३१, खोट्या माहितीला एक वर्षापर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही.

आता अर्जाचे नमुने (फॉर्म). ६ हा फक्त पहिल्यांदा नाव घालणाऱ्यासाठी. ७ हरकत किंवा नाव वगळणं. ८ मध्ये बाकी सगळं: पत्ता बदल, दुरुस्ती, नवीन कार्ड, दिव्यांग नोंद. पूर्वी मतदारसंघ बदलला की ६ भरायचे, ते २०२२ पासून बंद झालं. तरीही निम्मे कार्यकर्ते घर बदललेल्या माणसाचा ६ भरतात. नवीन कार्ड येतं, जुनं नाव जुन्या जागी राहतं, माणूस दुबार होतो आणि पुढं नोटीस त्याला येते. विचारायचा प्रश्न एकच: "आयुष्यात कधी, कुठंही मतदान कार्ड निघालंय का?" हो म्हटलं की ८.

अर्हता दिनांक (अठरा पुरे झालेत का ते ज्या तारखेला बघतात) आता वर्षात चार आहेत: १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै, १ ऑक्टोबर. सतरा पुरे झालेल्या पोरापोरींचा अर्ज आगाऊ घेतला जातो. वालचंदच्या, मिरज मेडिकलच्या होस्टेलवरच्या मुलांचं नाव इथं घालता येतं, पण गावाकडचं नाव असेल तर तेही ८ नंच हलवायचं.

आयर्विन१९२९

नमुना ७ वर थोडं खडसावून सांगायला हवं. विरोधकांच्या गल्लीत गठ्ठ्यानं ७ भरून नावं उडवायची हुशारी काही ठिकाणी चालते. अर्जदार त्याच मतदारसंघातला मतदार लागतो, त्याचं नाव-सही कागदावर राहते आणि ज्याच्यावर हरकत घेतली त्याला सुनावणीची संधी द्यावी लागते. म्हणजे कोणी केलं ते पूर्ण गल्लीला कळतं. कायद्याचं नंतर बघू, आधी शेजार तुटतो.

उलट बाजूनं, आपल्या भागातली नावं उडाली असतील तर दाव्या-हरकतींच्या याद्या (नमुना ९, १०, ११) वेळच्या वेळी बघा. निर्णय पटला नाही तर १५ दिवसांत जिल्हाधिकाऱ्यांकडं पहिलं अपील, तिथंही नाही झालं तर ३० दिवसांत मुख्य निवडणूक अधिकाऱ्यांकडं दुसरं. मतदानादिवशी केंद्रावर आरडाओरडा करून नाव परत येत नाही.

सीमारेषा

वरचं सगळं विधानसभेच्या यादीचं. महापालिकेचं गणित वेगळं आहे आणि तिथंच वॉर्डातला कार्यकर्ता खरा कामाला येतो.

राज्य निवडणूक आयोग स्वतःची यादी करत नाही. एका ठरलेल्या तारखेची विधानसभा यादी घेतो आणि ती प्रभागांत फोडतो. या वेळी ती तारीख १ जुलै २०२५ होती. त्यानंतर नोंदवलेलं नाव विधानसभेच्या यादीत दिसलं तरी महापालिकेला चाललं नाही. डिसेंबरात "आमच्या पोराचं नाव का नाही" म्हणून भांडणाऱ्यांना हे जुलैच्या आधी सांगायला हवं होतं, आणि ते सांगणं बूथवाल्याचं काम.

फोडताना काय चुकतं? प्रभाग आखले जातात २०११ च्या जनगणनेच्या प्रगणक गटांवर (एकेका प्रगणकानं मोजलेल्या वस्तीच्या तुकड्यांवर). मतदार यादीचे भाग मात्र मतदान केंद्राच्या सोयीनं पडलेले. दोन्हींच्या कडा जुळत नाहीत. त्यामुळं प्रभागाच्या हद्दीवरच्या रस्त्याची डावी बाजू एका प्रभागात आणि उजवी दुसऱ्यात असायला हवी, तिथं अख्खा रस्ता एकीकडं पडतो. शंभर फुटीसारख्या लांब रस्त्यांवर आणि शामराव नगरसारख्या वाढत गेलेल्या वस्तीत अशा कडा जास्त तपासाव्या लागतात.

उपाय: प्रारूप यादी आली की पहिल्या दोन दिवसांत हद्द पायी फिरा. प्रभाग रचनेच्या अधिसूचनेत उत्तर-पूर्व-दक्षिण-पश्चिम असं हद्दीचं वर्णन असतं, ते हातात घेऊन. कडेच्या प्रत्येक इमारतीतलं एक नाव यादीत शोधा. सापडलं नाही की शेजारच्या प्रभागाची यादी बघा. हरकत घेता येते ती मोजक्या कारणांवर: प्रभाग चुकला, लेखनिकाची चूक, किंवा विधानसभेच्या यादीत असलेलं नाव प्रभाग यादीत आलंच नाही. नवीन नाव घालणं, पत्ता बदलणं यातलं काही इथं होत नाही. मुदत थोडक्या दिवसांची असते, त्यामुळं तयारी आधीची लागते.

या वेळी संभाव्य दुबार नावांपुढं दोन तारे (**) होते. अशा मतदारानं कुठल्या केंद्रावर मतदान करणार ते लिहून द्यायचं होतं. ज्या बूथवाल्यांनी तारेवाली नावं आधीच घरोघरी जाऊन विचारली त्यांच्या केंद्रावर वाद कमी झाले.

खणभागकर

चार मतांचं पण लिहा की ओ. ते लई माणसांना समजत नाही अजून.

सीमारेषा

लिहितो. २०१८ ला ७८ जागा, २० प्रभाग होते: अठरा प्रभाग चार सदस्यांचे, दोन तीन सदस्यांचे. चार सदस्यांच्या प्रभागाची लोकसंख्या २०११ च्या हिशोबानं सरासरी पंचवीस हजार. एका माणसाचं तेवढ्या भागात पोचणं अवघड, म्हणून पॅनेल लागतं आणि म्हणूनच बूथला किंमत येते.

मतदाराला अ, ब, क, ड अशी चार मतं. प्रत्येक जागेच्या मतपत्रिकेचा रंग वेगळा. लोकांचा समज असा की एकदा बटण दाबलं की झालं. मग आत गोंधळ, बाहेर रांग. वेळेचा हिशोब करा: साडेसात ते साडेपाच म्हणजे ६०० मिनिटं. हजारातले सहाशे आले तर माणशी एक मिनिट. वयस्कर माणसाला चार मतांना दोन मिनिटं लागतात. दुपारी चारनंतर लोंढा आला की रांग शाळेच्या फाटकाबाहेर. साडेपाचला जे आवारात रांगेत आहेत त्यांना शेवटच्या माणसापासून चिठ्ठ्या देतात, त्या सगळ्यांचं मतदान होतं. पण रांग बघून परत गेलेल्याचं होत नाही. आपली ज्येष्ठ मंडळी सकाळी साडेनऊच्या आत आणा.

आणि पॅनेलमध्ये बेबनाव असला तर चौघांच्या चार चिठ्ठ्या फिरतात. "दादाला द्या, बाकी तुमचं तुम्ही बघा." बूथवाल्यानं हे ऐकून घेतलं की त्याच्या शब्दाची किंमत त्याच दिवशी संपते.

विश्रामबागेतली

घरोघरी फिरणं पुरुषांनी ठरवलं की रविवार सकाळच येते. त्या वेळी घरातल्या बायका स्वयंपाकात असतात, दारात पुरुष बोलतो आणि वहीत अख्ख्या घराचा कल त्याच्या तोंडून उतरतो. निम्मी वही चुकीची. बायकांशी बोलायची वेळ दुपारी साडेतीन ते पाच, आणि जाणारी बाईच हवी.

दोन गोष्टी बायकांनाच नीट कळतात. एक, लग्न होऊन आलेल्या सुनेचं नाव माहेरच्या यादीत असतं आणि लग्न होऊन गेलेल्या मुलीचं इथं. लग्नसराई संपली की जूनमध्ये फक्त एवढ्या एका कामासाठी फेरी मारा: सुनेचा ८, आणि मुलीला सासरी ८ भरायचा निरोप. मुलीचं नाव परस्पर ७ भरून उडवू नका, तिचं तिकडं नाव लागलं की इथलं निघतं. दोन, भाडेकरू. घरमालक म्हणतो "ते मतदान करत नाहीत", भाडेकरीण सांगते की चार वर्षं झाली, पण मालक वीजबिलाची झेरॉक्स देत नाही. अशा वेळी तिच्या स्वतःच्या नावाचं बँक पासबुक, गॅस जोडणी, आधार यातलं या पत्त्याचं काही आहे का ते आधी बघायचं.

बचत गटांच्या बैठकीत पक्षाची पत्रकं घेऊन जाऊ नका. गटाच्या वहीवर कर्ज, व्याज, हप्ता असतो, तिथं पक्ष शिरला की गट फुटतो. संक्रांतीचं हळदीकुंकू ठीक आहे, पण वाण देताना आचारसंहिता लागलीय का ते बघा. या वर्षी मतदान नेमकं १५ जानेवारीला आलं होतं, संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी. वाणाचं ताट तेव्हा आमिष ठरतं.

आणि हो, निम्म्या जागा बायकांना राखीव आहेत, तरी बूथ कमिटीत एकच महिला, तीही "महिला आघाडी" म्हणून. दहा जणांच्या कमिटीत चार तरी यादीवर काम करणाऱ्या बायका हव्यात, फोटोपुरत्या नकोत.

कर्नाळरोड

पूरपट्ट्यातल्या बूथचं वेगळं लिहायला हवं. दत्तनगर, काका नगर, सूर्यवंशी प्लॉट, इनामदार प्लॉट. कृष्णेवरच्या आयर्विन पुलाला ४० फूट इशारा पातळी आणि ४५ धोका पातळी, पण सूर्यवंशी प्लॉटात पाणी त्याच्या आधीच शिरतं. २०१९ ला पातळी ५७ फुटांवर गेली, २०२१ ला पुन्हा पूर. त्यानंतर बरीच कुटुंबं विश्रामबाग, कुपवाडकडं भाड्यानं गेली. काहींनी खालचं घर ठेवलंय, काहींनी विकलं. यादीत सगळी अजून इथंच.

ही नावं "स्थलांतरित" म्हणून सरसकट मारू नका. नेहमीचं राहणं कुठं, ते त्या घराला विचारा. पावसाळ्याचे तीन महिने वर आणि नऊ महिने खाली राहणारं कुटुंब इथलंच. कायमचं गेलेलं असेल तर त्यांच्याकडून ८ भरून घ्या, नवीन बूथवाल्याला फोन करा.

आणि बूथच्या वहीत पूरपट्ट्यात दोन रकाने जादा ठेवा: घरात उचलून न्यावं लागेल असं कुणी आहे का (अंथरुणाला खिळलेलं, डायलिसिस, बाळंतीण), आणि जनावरं किती. कोयनेतून विसर्ग वाढल्याची बातमी आली की ही पानं वेगळी काढायची. यादी मजल्याप्रमाणे लिहायचं हळदपेठ यांनी वर सांगितलंच आहे, इथं त्याचा खरा उपयोग. पालिकेचा माणूस बोट घेऊन आला की त्याला "या गल्लीत तीन घरं आधी" असं सांगणारा कुणीतरी लागतो.

नवखा_कुपवाड

निवडणूक नसताना बूथवाल्यानं नेमकं करायचं काय? मयत आणि स्थलांतरित तरी किती वेळा शोधणार?

हळदपेठ

तक्रारी. पण तोंडी नव्हे. ऑगस्ट २०२३ पासून जानेवारी २०२६ पर्यंत महापालिकेवर प्रशासक होता, नगरसेवक नव्हताच. त्या काळात ज्यांना कागद लिहिता येत होता त्यांचीच कामं झाली.

कागद असा: एक विषय, एक पान. दिव्याच्या खांबाला नंबर असतो, तो लिहा. गटाराचं असेल तर कुठल्या घरापासून कुठल्या घरापर्यंत, अंदाजे किती फूट. फोटो जोडा. दोन प्रती न्या, एकीवर आवक क्रमांक, शिक्का, तारीख घेऊन परत या. शिक्क्याशिवायचा अर्ज म्हणजे तोंडीच. पंधरा दिवसांनी त्याच क्रमांकाचा संदर्भ देऊन स्मरणपत्र. तरी हललं नाही तर जिल्हाधिकारी कार्यालयातला लोकशाही दिन, महिन्याचा पहिला सोमवार. अर्ज १५ दिवस आधी विहित नमुन्यात द्यावा लागतो, त्या दिवशी नुसतं जाऊन उभं राहून उपयोग नाही.

माहिती अधिकार शेवटी. १० रुपयांचा कोर्ट फी स्टँप, एकच विषय, दीडशे शब्दांच्या आत, ३० दिवसांत उत्तर. "का केलं नाही" असं विचारलं तर उत्तर येत नाही. "अमुक रस्त्याच्या कामाच्या कार्यादेशाची आणि मोजमाप पुस्तिकेच्या पानांची प्रत द्या" असं मागितलं तर येतं. मोजमाप पुस्तिका आली की जाडी टेपनं मोजता येते.

अर्ज पक्षाच्या लेटरहेडवर करू नका, गल्लीतल्या आठ-दहा जणांच्या सह्यांनी करा. काम झालं तर श्रेय गल्लीचं राहतं, आणि तुम्ही पुढच्या वेळी दार वाजवलं की लगेच उघडतं.

टेबलखुर्ची

मतदानाच्या दिवसाचं राहिलंय. विधानसभा-लोकसभेचे नियम सांगतो, पालिकेचे नमुने वेगळे असतात.

पोलिंग एजंटाची नेमणूक नमुना १० वर (हा वरच्या यादीच्या नमुना १० हून वेगळा), उमेदवाराची किंवा त्याच्या निवडणूक प्रतिनिधीची सही. सह्यांचे नमुने आधीच केंद्राध्यक्षाकडं गेलेले असतात, सही जुळली नाही तर एजंट बाहेर. मतदान सुरू व्हायच्या दीड तास आधी चाचणी मतदान, किमान ५० मतं. एजंट आला नाही तर १५ मिनिटं थांबतात आणि पुढं जातात. सातला मतदान म्हणजे साडेपाचला केंद्रावर. एजंट म्हणून गल्लीतला सगळ्यात उत्साही पोरगा निवडू नका. अकरा तास एका जागी बसणारा, चेहरे ओळखणारा, आवाज न चढवणारा माणूस लागतो. चाचणीनंतर यंत्र शून्यावर आणलं, हे डोळ्यांनी बघून मगच सही.

खोट्या मतदारावर आक्षेप घ्यायला २ रुपये भरावे लागतात, केंद्राध्यक्ष तिथंच चौकशी करतो. आपल्या माणसाचं मत आधीच कुणी टाकून गेलं असेल तर त्याला परत पाठवू नका. त्याला प्रदत्त मताची मतपत्रिका मागता येते.

शेवटी नमुना १७सी ची, म्हणजे नोंदलेल्या मतांच्या हिशोबाची, प्रत. एकूण मतं, कंट्रोल युनिटचा क्रमांक, सीलचे क्रमांक. ही प्रत न घेता दमून घरी गेलेला एजंट म्हणजे पूर्ण दिवस वाया. मोजणीच्या टेबलावर हाच कागद जुळवतात.

बाहेरचं टेबल केंद्रापासून १०० मीटरच्या पलीकडं (२०२५ पर्यंत हे अंतर २०० मीटर होतं). एक टेबल, दोन खुर्च्या, वर छत्री किंवा लहान मांडव, आणि परवानगीचा कागद खिशात. प्रचाराला बंदी १०० मीटरच्या आत. चिठ्ठी साध्या पांढऱ्या कागदावर: नाव, भाग, अनुक्रमांक, केंद्र. उमेदवार, चिन्ह, पक्ष काही नको. टेबलावर गल्लीप्रमाणे लावलेली यादी ठेवा, चिठ्ठी नेली की रेघ मारा. आतल्या एजंटानं खुणा केलेली यादी बाहेर पाठवायची नसते आणि मोबाईल आत चालत नाही, म्हणून मतदानाचा हिशोब बाहेरच ठेवावा लागतो. अकरा वाजता रेघ नसलेली घरं काढा, पहिली फेरी. दुसरी फेरी तीन ते साडेचार.

रिक्षा भाड्यानं लावून मतदार आणणं हा भ्रष्ट आचार ठरतो, उमेदवाराची निवड त्यावर रद्द होऊ शकते. चालता न येणाऱ्यांना घरच्यांच्या गाडीवर यायला सांगा.

शाहूपुरीकर

साताऱ्यातून एक भर. आमच्याकडं नगरपालिका, प्रभागात दोन नगरसेवक आणि वर थेट नगराध्यक्ष, म्हणजे मतदाराची तीन मतं. २०२० मध्ये हद्दवाढ होऊन शाहूपुरी, विलासपूर पालिकेत आलं. ग्रामपंचायतीच्या काळातले पत्ते यादीत तसेच: "मु. पो. शाहूपुरी" एवढ्यावर शंभर घरं. बीएलओला तिथं घर सापडत नाही, नोटीस "आढळून आले नाही" म्हणून परत जाते आणि नाव उडायची पाळी येते. अशा भागात पहिलं काम पत्त्याची दुरुस्ती, नमुना ८, कॉलनीचं नाव आणि प्लॉट क्रमांकासह. राजकारण त्याच्या नंतर.

आयर्विन१९२९

पैशाचं कुणी बोललं नाही म्हणून.

बूथचा वर्षाचा खरा खर्च छपाई, वह्या, झेरॉक्स आणि चहा एवढाच असतो. तो वर्गणीतून निघतो. पण पक्षाच्या नावानं वर्गणी घ्यायची तर पक्षाची पावती हवी, आणि २००० रुपयांवर रोख नको. स्वतःच्या नावाच्या क्यूआर कोडवर पक्षनिधी घेतला की सहा महिन्यांत कमिटीत भांडण ठरलेलं. ते टाळायला दर तीन महिन्यांनी हिशोब बैठकीत वाचून दाखवा, चहाच्या आकड्यासकट.

निवडणुकीच्या पत्रकावर मुद्रक आणि प्रकाशक यांचं नाव-पत्ता हवाच (लोकप्रतिनिधित्व कायदा १९५१, कलम १२७अ). नसला तर सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा २००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, आणि त्यात छापखानावालाही अडकतो. म्हणून चांगला छापखाना आधी घोषणापत्र मागतो. मागत नसेल तर दुसरीकडं जा.

वाढदिवसाचे फ्लेक्स हा माझ्या मते पक्षकार्यातला सगळ्यात महाग आणि सगळ्यात निरुपयोगी भाग. पालिकेच्या परवान्याशिवाय लावला तर १९९५ च्या विद्रूपीकरण कायद्याखाली गुन्हा, आणि ज्याचा फोटो असतो त्याचंच नाव फिर्यादीत जातं.

तानपुरा_मिरज

व्हॉट्सअॅपचं एक. ब्रॉडकास्ट यादीत २५६ च्या वर नावं बसत नाहीत आणि ज्यांनी तुमचा नंबर सेव्ह केलाय त्यांनाच मेसेज पोचतो. म्हणून घरी गेल्यावर नंबर घेऊन थांबू नका, तिथंच मिस्ड कॉल देऊन तुमचं नाव सेव्ह करून घ्या. ग्रुप काढला तर "फक्त अॅडमिन" ठेवा. मोकळा ग्रुप आठ दिवसांत शुभ सकाळीनं भरतो आणि पाणी कधी येणार हा मेसेज कुणी वाचत नाही.

नवखा_कुपवाड

आभारी आहे सगळ्यांचा. दोन शंका. पत्नी जिल्हा परिषद शाळेत शिक्षिका आहे, तिला कमिटीत घेता येईल का? आणि आमच्या भागाचा बीएलओ कोण हे कुठं कळेल?

तानपुरा_मिरज

पत्नीला नको. वर्तणूक नियमांत राजकीय पक्षाचं काम बसत नाही, व्हॉट्सअॅप ग्रुपची अॅडमिनसुद्धा करू नका. घरातली दुसरी कुणी नोकरीत नसलेली बाई असेल तर बघा.

बीएलओसाठी १९५० ला फोन करा, किंवा आयोगाच्या पोर्टलवर मतदान कार्डाचा क्रमांक टाकला की भाग क्रमांक, केंद्र आणि बीएलओचं नाव दिसतं. भेटायला जाताना शाळेच्या वेळेत जाऊ नका, आणि पहिल्या भेटीत मयतांची यादी दाखल्यांच्या झेरॉक्ससह न्या. त्यांचं तेवढं काम हलकं झालं की पुढचं बोलणं सोपं जातं.